गळ्यावरचा हात

सोयाबीन काढायला आलं की लातूरहून रेणापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक कोरडा, करपट वास सुटतो. पानं गळून गेलेली, झाडावर नुसत्या शेंगा, आणि वारा आला की सगळ्या रानात बारीक खुळखुळ. लोकांना हे दिवस घरात चार दाणे येण्याचे, दिवाळीचे. मला मात्र या वासानं आत कुठंतरी खचल्यासारखं होतं. बसच्या खिडकीशी बसलेली मी पदर नाकाला लावते आणि शेजारच्या बाईला वाटतं, हिला धुळीचा त्रास असेल.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. शाळा निवासी आहे, लातूर-नांदेडकडच्या खेड्यापाड्यांतली पोरं असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, अशा शाळेत शांतता असेल. तसं काही नसतं. पोरं ताटं आपटतात, बाकावर हात मारून एकमेकांना बोलावतात, पळताना सगळा जिना हलवतात, आणि हसतात तर मोकळ्या गळ्यानं, कारण आपलं हसणं किती मोठं झालंय हे त्यांचं त्यांना कळत नाही. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ही शाळा बघता बघता रिकामी झाली. रोगाची बातमी आली, पाठोपाठ शाळा बंद करायचा आदेश आला, आणि मिळेल त्या वाहनानं पालक येऊन आपापली मुलं घेऊन गेले. गाद्या गुंडाळल्या गेल्या. घाईत कुणाचा कंगवा राहिला, कुणाची एकच चप्पल. वर्गाला कुलूप लावताना वाटलं होतं, महिन्याभरात उघडू.

त्या पोरांत कावेरी होती. भोकरच्या पुढं तिचं गाव, वय तेव्हा आठ. ती आमच्याकडं आली त्या दिवशी तिच्याकडं एकही शब्द नव्हता. हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. बोलता न येणं वेगळं. तिच्याकडं शब्दच नव्हते, तोंडाचे नाहीत आणि हाताचेही नाहीत. वस्तूला नाव असतं, हेच तिला कुणी सांगू शकलं नव्हतं. आपल्याला कावेरी म्हणतात हे तिला सहा वर्षांची झाल्यावर कळलं, माझ्या वर्गात, आणि कळल्यावर ती दिवसभर स्वतःच्या छातीवर बोट टेकवत फिरली.

आमच्यात शिकवणं म्हणजे निम्म्याहून जास्त स्पर्श. 'प', 'ब' आणि 'म' ओठांवर अगदी सारखे दिसतात. आरशात बघून फरक कळत नाही. मग मूल जवळ घ्यायचं, त्याचा एक हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, दुसरा त्याच्या स्वतःच्या गळ्यावर. 'ब' म्हटलं की गळ्यात थरथर उठते. 'म' म्हटलं की नाकाशी गुणगुणतं, तिथं बोट लावायचं. 'प'साठी ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची, ती उडते. कावेरीनं एक अख्खा पावसाळा माझ्या गळ्यावर हात ठेवून ठेवून एका सकाळी 'बा' काढला. 'बाई'मधला 'बा'. मग ती मला दिवसभर बा, बा करायची, मी पाठमोरी असले तरी. आपण तोंडातून काहीतरी काढलं की बाई मागं वळते, ही तिला जादू वाटायची. खरं सांगायचं तर मलाही वाटायची.

शाळा बंद झाली आणि काही दिवसांत वरून निरोप आला, शिक्षण थांबता कामा नये, ऑनलाइन शिकवा. मी पन्नाशीला टेकलेली बाई. सणासुदीचे फोटो पुढं पाठवण्यापलीकडं मला फोनमधलं काही येत नव्हतं. धडपडत मीटिंगचं ॲप घेतलं. पहिल्या दिवशी चौकोनाचौकोनांत पोरांचे चेहरे उमटले तेव्हा डोळे भरून आले. पण ते ॲप असं होतं, की ज्याच्या घरातून आवाज येईल त्याचा चौकोन मोठा करायचं. आमची पोरं हातांनी बोलणारी. बोलणारं मूल कोपऱ्यात काडेपेटीएवढं राहायचं, आणि ज्याच्या मागं पिठाची गिरणी चालू आहे किंवा म्हैस हंबरते आहे, तो सगळ्या पडद्यावर पसरायचा. बाकीची पोरं त्याच्याकडं बघत बसायची, हा काय सांगतोय म्हणून. तो बिचारा नुसता बसलेला असायचा.

त्यातून मला रझाक सरांनी काढलं. ते आमच्याकडं चित्रकला शिकवतात, नांदेडचे, जन्मापासून ऐकू येत नाही. त्या दिवसांत ते नांदेडला भावाच्या घरी अडकले होते. त्यांची आणि त्यांच्या मित्रांची सगळी दोस्ती कितीतरी वर्षांपासून व्हिडिओ कॉलवरच चाललेली, त्यामुळं आम्हाला जे नवीन होतं ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ॲपची तक्रार केली तर ते हसले आणि खुणेनं म्हणाले, "हे ऐकणाऱ्यांनी बनवलंय." मग त्यांनी एकेक गोष्ट शिकवली. सगळ्यांचे आवाज बंद करायचे, म्हणजे चौकोन सारखे राहतात. उजेड तोंडासमोर हवा, पाठीमागं नको. मागं गडद, एकरंगी कापड बांधायचं. नक्षीची साडी नेसायची नाही, नेट कमी असलं की नक्षी आणि बोटं एकमेकांत मिसळतात. हात छातीच्या चौकटीबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. आणि गावाकडं रेंज नसते, म्हणून छोटे छोटे व्हिडिओ करून पाठवायचे, पोरांना ते पुन्हा पुन्हा बघता येतात.

माझ्याकडं साधी निळी साडी एकच होती. ती धुवायची, वाळली की पुन्हा नेसायची. इस्त्रीच्या टेबलावर डबे रचून त्यावर फोन उभा करायचा आणि खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून फोनशी बोलायचं. आमच्या ह्यांचं खताचं दुकान, ते तेवढं चालू होतं. एकदा जेवायला आल्यावर म्हणाले, "शेजारी विचारायलेत, बाई खिडकीत उभं राहून कुणाला हातवारे करायल्यात." मला हसू आलं नाही. मला रोज संध्याकाळी वाटायचं, खरंच, कुणाला?

सगळ्यात पहिला व्हिडिओ आम्ही रोगावरच केला होता. शाळा का बंद झाली, तोंडाला फडकं का बांधायचं, सगळ्याच शाळा कशा बंद आहेत, आणि आपण पुन्हा भेटणार आहोत. रझाक सरांनी चित्रं काढली, मी खुणा केल्या. ज्यांच्या घरी मोठा फोन होता त्या सगळ्यांना तो गेला. कावेरीच्या घरी बटणांचा फोन होता. त्यावर काही दिसायचं नाही. तिचे वडील मारोतराव यांना मी आठवड्याला फोन करायची. ते म्हणायचे, बरी आहे, खाते-पिते, तुमची याद काढते. कशी काढते, म्हणून विचारलं तर म्हणाले, दप्तर घेऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन बसते. एसटी बंद होती. तरी बसायची.

पेरण्या झाल्या. मृग गेला, आर्द्रा गेली. तिच्या कानामागच्या मशीनला गोल, घड्याळात असतात तसले सेल लागतात, ते भोकरला मिळत नव्हते. मी लातूरहून पोस्टानं पाठवले. ते पोचले तोवर पावसाची ओल जाऊन मशीनच बंद पडलं होतं. दुरुस्तीला नांदेडला न्यायचं म्हटलं तर जायचं कशानं?

श्रावणात तिच्या मामानं आपला जुना फोन त्यांना दिला. मी त्याच दिवशी व्हिडिओ कॉल लावला. आई सुमनबाई फोन धरून उभ्या, मागं ओली भिंत, आणि भिंतीला चिकटून कावेरी. उंच झाली होती. मी हात हलवला, तिच्या नावाची खूण केली. ती माझ्याकडं बघत राहिली आणि घरात पळून गेली. दुसऱ्या दिवशी आली. मी गळ्याला बोट लावून 'ब' म्हटलं. तिनं जवळ येऊन फोनवर, पडद्यातल्या माझ्या गळ्यावर तळहात ठेवला. तसा कॉल कट झाला. बोट लाल बटणावर पडलं होतं. पुन्हा लावला. तिनं पुन्हा हात ठेवला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा लावल्यावर तिनं हात मागं बांधले आणि कोरड्या चेहऱ्यानं नुसती बघत उभी राहिली. बाईच्या गळ्याला हात लावला की बाई निघून जाते, एवढंच तिला त्यातून कळलं असणार. आणि तसं नाही, हे सांगायला माझ्याकडं पुन्हा तोच पडदा होता.

मग व्हिडिओ पाठवत राहिले. फळं, रंग, दिवस, अंगाचे भाग. बघितल्याच्या दोन निळ्या खुणा यायच्या. कुणी बघितलं ते कळायचं नाही. कधीतरी मारोतराव तिचा एखादा व्हिडिओ काढून पाठवायचे, आणि त्यात दिसायचं की तिचे हात हळूहळू रिकामे होत चाललेत. आधी वाक्यं गेली. मग शब्द गेले. भाद्रपदात तिच्याकडं खाणं, पाणी, झोप आणि 'ये' एवढंच उरलं, तेही घरातल्यांना कळेल असं मोघम, बोट दाखवून. व्हिडिओला आवाज असायचा. मी फोन कानाला लावून ऐकायची. कोंबड्या ऐकू यायच्या, पाऊस ऐकू यायचा. तिचा काहीच आवाज नसायचा. रझाक सरांना मी ते दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तिच्याशी तिथं बोलतं कोण?" उत्तर आम्हा दोघांना माहीत होतं. शिकवायला मी होते. बोलायला तिथं कुणी नव्हतं.

एसटी सुरू झाल्यावर मी निघाले. ह्यांनी खूप अडवलं, रोग अजून गेला नाही म्हणाले, ते खरंच होतं. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकर. काढायला आलेलं सोयाबीन परतीच्या पावसात भिजलेलं, रस्त्याकडंच्या गंजींवर ताडपत्र्या, आणि सगळीकडं तो कुबट, करपट वास. थांब्यावर मारोतराव शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन आले होते. वाटेत मागं बघत म्हणाले, "बाई, अलीकडं थांब्यावर येऊन बसणं बी सोडलं तिनं. आमाला बरंच वाटलं."

अंगणात सोयाबीनची रास चालली होती. मळणीचं यंत्र धडधडत होतं आणि कावेरी त्याच्या अगदी शेजारी, पाठ करून, शेंगा गोळा करत बसलेली. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा शेंगा वेचायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्या तोंडावर मास्क आहे. तिनं आयुष्यभर माणसं ओठांवरून ओळखलेली. मी चार पावलं मागं सरून मास्क खाली केला.

ती उठली नाही. तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या आणि हात तसेच हवेत राहिले. मग ते हात हलायला लागले, आधी अडखळत, एक खूण चुकायची, पुसल्यासारखी करून पुन्हा करायची. व्हिडिओत रिकामे दिसणारे ते हात रिकामे नव्हते. ज्याच्याशी बोलावं असं कुणी नव्हतं.

सुमनबाई यंत्रापासून धावत आल्या. "काय म्हणून राहिली बाई ती? मला बी सांगा."

मला सांगवेना. ती म्हणत होती, मी चावले. म्हणून.

मी विचारलं, कुणाला चावलीस? तिनं एका मुलीच्या नावाची खूण केली, वसतिगृहात तिच्या शेजारच्या खाटेवर झोपायची ती. कंगव्यावरून भांडण झालं होतं, कावेरी तिच्या दंडाला चावली होती. दुसऱ्या दिवशी वडील आले आणि तिला घेऊन गेले. ती चावली, म्हणून शाळेनं तिला घालवून दिलं. बाई रोज फोनमध्ये येतात, बाकीच्या मुलांना शिकवतात, ते तिला लांबून दाखवतात. तिला परत बोलावत नाहीत. ती थांब्यावर जाऊन बसली तरी न्यायला कुणी येत नाही. हे सगळं तिनं मला अशा सरळपणे सांगितलं, जणू मला ते ठाऊकच आहे.

एवढे महिने. पेरणी, खुरपणी, पोळा, गौरी, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्या सगळ्यात ती शिक्षा भोगत होती. जगात रोग आलाय, हे तिला कुणालाच सांगता आलं नव्हतं. आई-वडिलांनी तोंडाला फडकं बांधून दाखवलं, बाहेर जाऊ नको म्हणून दटावलं, त्याचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावला. आम्ही केलेला तो पहिला व्हिडिओ तिच्या घरी फोन येण्याआधीच सगळ्यांना पाठवून झाला होता, तिला तो पाठवायचा राहूनच गेला, आणि श्रावणापासून मी तिला आंबा, पेरू, केळी शिकवत होते.

मी सुमनबाईंना सांगितलं. त्या मटकन सोयाबीनच्या ढिगाशी बसल्या. "म्या रोज सांगत होते तिला, रोग आलाय, रोग आलाय. तिला काय ऐकू येतंय? कसं सांगावं, बाई, तुमीच सांगा." त्यांचा आवाज चढला नाही. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून त्या लेकीकडं बघत होत्या.

मग मी तिला सांगायला बसले. रोग. इथं रोग, लातूरला रोग, सगळीकडं. ती मुलगी घरी, बाई घरी, रझाक सर घरी. सगळ्या शाळांना कुलूप. ती एकेकाच्या नावाची खूण करून विचारत होती, हा पण? ही पण? स्वयंपाकाच्या मावशी पण? मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते. शेवटी तिनं विचारलं, मी नाही? मी म्हटलं, तू नाही. तुझ्यामुळं नाही.

ती मला मारायला लागली. दंडावर, खांद्यावर, दोन्ही मुठींनी. मारोतराव पुढं आले, मी त्यांना थांबवलं. दमेपर्यंत मारलं तिनं. मग तशीच धापा टाकत माझ्या गळ्यावर तळहात ठेवला. मला रोगाची आठवण झाली आणि मी तरीही जागची हलले नाही. मी 'ब' म्हटलं. तिचा दुसरा हात मी तिच्या गळ्यावर ठेवला. तिनं ओठ मिटले, बरोबर मिटले, उघडले. गळ्यात काही आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिनं पुन्हा ओठ उघडले. नुसती हवा. यंत्र बंद केलं होतं, राशीवरची सगळी माणसं भोवती उभी होती आणि आम्ही दोघी किती वेळ ते करत होतो, मला आठवत नाही. शेवटी तिनंच हात काढून घेतला.

निघायच्या आधी सुमनबाई म्हणाल्या, "मला शिकवा तिची बोली. लिवणंवाचणं न्हाई येत मला, पण हात तर हायत." तेवढ्या दुपारी मी त्यांना जमेल तेवढं शिकवलं. फळं-रंग नाही. का. म्हणून. उद्या. परत. नाही, तुझ्यामुळं नाही. त्यांची कष्टानं राठ झालेली बोटं वळत नव्हती, आणि कावेरी त्यांची बोटं धरून धरून सरळ करत होती.

शाळा उघडायला पुढं फार काळ गेला. उघडली तेव्हा सगळी पोरं आली नाहीत. निलंग्याच्या स्टँडवर मला एकदा आमचा एक मुलगा दिसला, हॉटेलात कपबशा विसळत होता. मी त्याच्या नावाची खूण केली. त्यानं माझ्या हातांकडं असं बघितलं, जसं कुणीही अनोळखी माणूस बघेल. मग मालकानं कपाच्या ट्रेवर चमचा वाजवला. त्याला ते ऐकू आलं नाही, पण मालकाचा हात हललेला दिसला आणि तो आत गेला. लोक अजूनही मला म्हणतात, त्या काळात फोन होते म्हणून शिक्षण तरी चालू राहिलं. मी मान हलवते. कुणाकुणाचं राहिलंही.

कावेरी आली. सुमनबाईंनी आणून सोडली. नवीन मशीन मिळालं, आरसा होता, कागदाची पट्टी होती, माझा गळा होता. वर्ष-दोन वर्षं मी घालवली तिच्यावर. 'बा' परत आला नाही. कशानं, ते तज्ज्ञांनाही नीट सांगता आलं नाही. आता ती मोठ्या वर्गात आहे, हात इतके भरभर चालवते की रझाक सरांनाही सावकाश म्हणावं लागतं. मी पाठमोरी असले की येऊन खांद्यावर टकटक करते. मी वळते.

काल दिवाळीची सुट्टी लागली. अंगण पालकांनी भरलं होतं, पेट्या, पिशव्या, रिक्षा. जूनमध्ये आलेली एक लहान मुलगी, रेणापूरकडची, दारातच ताठ उभी राहिली होती. तिच्याकडं अजून शब्द नाहीत. आपली पेटी बाहेर निघाली एवढंच तिला दिसत होतं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. वडील तिचा दंड धरून ओढत होते, मी त्यांच्याकडं निघालेच होते.

माझ्या आधी कावेरी पोचली. ती त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि हात छातीच्या चौकटीत ठेवून, संथ, एकेक खूण सुटी करून तिनं सांगितलं. दिवे. घर. आई. झोप, झोप, झोप. मग परत इथं. माझ्याजवळ. आणि शेवटी, तू काही केलं नाहीस.

मुलीला काही कळलं नाही. कळायला अजून वर्ष तरी लागेल. वडील घड्याळ बघत म्हणाले, बाई, रिक्षा थांबलीय. कावेरीनं त्यांच्याकडं न बघता तळहात वर करून त्यांना थांबवलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.